तांबवेकर मास्तरांचा समुद्र

कृष्णेपेक्षा मोठं पाणी ज्यानं जन्मात पाहिलं नाही, अशा माणसानं समुद्री चाच्यांची कादंबरी लिहायची आणि रंकाळ्यापेक्षा मोठं पाणी ज्यानं पाहिलं नाही, अशानं तिची चित्रं काढायची, हा उद्योग आम्ही दोघांनी विट्याला केला. लिहिणारे तांबवेकर मास्तर, चित्रं काढणारा मी. विट्यात तेव्हा प्यायच्या पाण्याची मारामार. उन्हाळ्यात शाळेच्या रांजणात जेमतेम तळ झाकेल इतकंच पाणी असे, आणि त्याच रांजणाला टेकून मास्तर लिहीत, 'चहूकडे पाणीच पाणी होते.'

लढाईचे दिवस होते. मी कोल्हापूरहून ड्रॉइंगची परीक्षा देऊन नुकताच मराठी शाळेत लागलो होतो. मास्तर चौथीला शिकवत. उंच, वाळके, डोक्याला तांबडा रुमाल, अंगात कधीकाळी काळा असलेला कोट. ते मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे, म्हणजे हळदीच्या गावचे. कोटाच्या डाव्या खिशात हळदीची पुरचुंडी कायम. पोराचं ढोपर फुटो, बोट कापो, नाहीतर गृहपाठ चुको, मास्तरांचा हात आधी डाव्या खिशात जायचा. त्यामुळं कादंबरीच्या प्रत्येक पानावर पिवळ्या बोटांचे ठसे होते.

हरिपूरची पेवं ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तिथं हळद कोठारात नाही, जमिनीखाली साठवतात. दोन-तीन पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, वरून मातीनं लिंपून बंद. वर्षानुवर्षं माल राहतो, कीड लागत नाही. पण पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा वाईट असते. म्हणून आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. टिकला तरच माणूस उतरतो.

मास्तरांनी हा नियम पेवापुरता ठेवला नव्हता. "आधी कंदील सोडा" हे त्यांचं प्रत्येक बाबतीतलं मत. शाळेत नवे हेडमास्तर आले, तेव्हा सगळे हार घेऊन निघाले. मास्तर म्हणाले, "थांबा. आधी कंदील सोडा." आणि त्यांनी शिपायाला रजेचा अर्ज देऊन एकट्याला आत पाठवलं. शिपाई लाल कान घेऊन बाहेर आला, तसा हार चार दिवस लांबला. मी मुलगी बघायला निघालो, तर ह्या गृहस्थांनी मला न विचारता आपल्या मावसबहिणीला त्या घरी ताक मागायला धाडलं. ताक बरं निघालं, म्हणून माझं लग्न झालं. बायकोला ही हकिगत मी पुढं पुष्कळ वर्षांनी सांगितली आणि ती सांगायला नको होती.

कादंबरीचं नाव 'हळद्या बेट'. कागद परवडत नव्हता, म्हणून ती जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली. एका बाजूला गलबत वादळात सापडलेलं, उलटून बघावं तर कुणीतरी गुणाकार चुकलेला. मास्तर अकरा वर्षं हे लिहीत होते. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी एक तुकडा चौथीपुढं वाचायचे. वाचताना डोळा कागदावर कमी आणि पोरांच्या हातांवर जास्त. पोर रंगलं की त्याचे हात गपगार असतात, कंटाळलं की खाजवायला लागतं, हा त्यांचा सिद्धांत. तीन पोरांनी खाजवलं की ते समासात 'खाज' असं लिहायचे आणि तो तुकडा काढून टाकायचे. नायकाच्या आईचं एक फार सुंदर वर्णन होतं. मला आवडलं होतं. पण त्या शनिवारी अख्खा वर्ग खाजवत सुटला आणि नायक एका दमात पोरका झाला.

पोरं बहुतेक आसपासच्या वाड्यांवरची, मेंढरं राखणाऱ्यांची. त्यांच्या शंका कामाच्या असत. बिरू नावाचा एक पोरगा पुढच्याच रांगेत बसायचा.

"गुरुजी, गलबतावर मेंढरं हायत का?"

"न्हाईत."

"मग ती लोकं खात्यात काय? आन पांघरत्यात काय?"

पुढच्या शनिवारी गलबतावर चाळीस मेंढरं चढली.

"गुरुजी, येवढं पाणी हाय तर दोरीनं काढून पीत का न्हाईत?"

"खारट असतं रं ते."

"समदं?"

"समदं."

बिरू विचारात पडला. मग म्हणाला, "मग गुरुजी, त्ये ठेवलंय कशाला?" मास्तरांनी हा प्रश्न जसाच्या तसा गलबत हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाच्या तोंडी घातला, आणि माझ्या मते सगळ्या कादंबरीत तेवढं एकच वाक्य पूर्ण खरं होतं.

कादंबरीतला खलनायक म्हणजे जंजाळ नाईक. हा चाचा भर समुद्रात काळी छत्री घेऊन हिंडे, चिमटीनं तपकीर ओढी, आणि कैद्यांना पाण्यात ढकलायच्या आधी विचारी, "पुरावा काय?" शाळेतल्या कुणालाही ओळख पटायला अडचण नव्हती. हे आमचे दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. माणूस कोकणातला, दापोलीकडच्या समुद्रकाठच्या गावचा. जिथं ढगसुद्धा चुकून येतो त्या विट्यात ते बारा महिने छत्री घेऊन यायचे. मास्तरांनी पट सांगितला की साहेब म्हणायचे, "पुरावा काय?" मग पोरं मोजायची. एकदा मास्तर चार दिवस तापानं आजारी होते, तर साहेबांनी हजेरीपुस्तकावर तेच लिहिलं. मास्तरांनी त्याचा सूड म्हणून जंजाळ नाईकाला शेवटच्या प्रकरणात हळद्या बेटावर नेलं, खजिन्याचं पेव उघडायला लावलं, आणि कंदील न सोडता आत उतरवून मारलं. बेटावर खजिन्याचं पेव आहे एवढं पोरांना ठाऊक होतं, पण हे प्रकरण लिहून झालं तरी त्यांना अजून वाचून दाखवायचं होतं.

त्याच महिन्यात साहेब तपासणीला आले. चौथीत येऊन त्यांनी छत्री टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बेट म्हणजे काय?"

बिरू ताडकन उभा राहिला. "चारी बाजूंनी पाणी आन मधोमध प्याव असतंय त्येला बेट म्हंत्यात."

"काय असतं मधोमध?"

"प्याव. खजिन्याचं."

साहेबांनी दुसऱ्याला समुद्राचे उपयोग विचारले. तो म्हणाला, "चाच्यांस्नी पळाया." तिसऱ्यानं वर्गाच्या वतीनं साहेबांच्या छत्रीकडं बोट दाखवलं आणि शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पसरत गेलं. मास्तरांचा चेहरा त्यांच्या खिशातल्या पुरचुंडीइतका पिवळा झाला.

"हे शिकवलं कुठल्या पुस्तकातून?" साहेबांनी विचारलं. मास्तरांनी कपाटातून बाड काढलं. साहेबांनी ते छत्रीबरोबर काखेत मारलं आणि जिल्ह्याच्या कचेरीत साताऱ्याला घेऊन गेले. एकच प्रत. अकरा वर्षं. आणि ती नेणारा तिच्यातलाच खलनायक.

पुढचे तीन महिने मास्तरांनी एक ओळ लिहिली नाही. शनिवारी पोरं विचारायची, "गुरुजी, फुडं?" आणि मास्तर त्यांना पावकीचे पाढे घोकायला लावायचे. मला म्हणायचे, "ड्रॉइंग मास्तर, सगळ्यांना सांगत आलो आणि मी सोताच कंदील न सोडता उतरलो बघा. नोकरीचं जाऊ द्या हो. पोरांचा शेवट ऱ्हायला." मला त्यांची दया यायची आणि स्वतःची भीतीही वाटायची. जंजाळ नाईकाच्या चित्राला नाक मी साहेबांचंच काढलं होतं.

तीन महिन्यांनी साहेब आले ते बाड घेऊनच. मास्तरांना आणि मला बाहेर लिंबाखाली बोलावलं. बाड उघडलं, तर पानापानावर लाल शाई.

"तांबवेकर, तुम्ही समुद्र पाहिला आहे?"

"नाही साहेब."

"हो, ते दिसतंच आहे. हे गलबत बेटावर दोन दिवसांत जातं आणि परत यायला आठ दिवस लागतात. का?"

"परत येताना धारेच्या उलट यावं लागतं ना, साहेब."

"अहो, समुद्र कुठल्याच बाजूला वाहत नाही, गृहस्था!" साहेबांनी पान उलटलं. "इथं नायक पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारतो. समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही. आणि हे बघा. 'उन्हाळ्यात समुद्र आटल्यावर चाच्यांनी उघड्या पडलेल्या वाळूत वांगी लावली.' वांगी!"

"आमच्याकडं लावतात साहेब. कृष्णाकाठची वांगी..."

"समुद्र आटत नाही! भरती येते, ओहोटी लागते. दिवसातून दोन वेळा पाणी चढतं."

मास्तर भूगोल शिकवत असत, भरती-ओहोटी त्यांना पाठ होती. पण ती खरोखर होते हे कुणी त्यांना असं तोंडावर सांगितलं नव्हतं. "रोज दोनदा पूर?" ते हळूच म्हणाले, "मग माणसं धुणं कवा धुत्यात?"

मी टक लावून साहेबांकडं बघत होतो. तपकिरीबद्दल अवाक्षर नाही. पुराव्याबद्दल नाही. छत्रीच्या जागी तेवढी लाल शाई होती, 'भर वाऱ्यात छत्री अशी धरत नाहीत.' म्हणजे ह्यांना कळलंच नाही, असं मला वाटलं.

शेवटी साहेबांनी बाड मिटलं. त्यांच्या मेहुण्याचा साताऱ्यात छापखाना होता, कागदाचा कोटाही शिल्लक होता. समुद्र ते स्वतः दुरुस्त करून देणार होते. पुस्तक छापून जिल्ह्यातल्या शाळाशाळांत जाईल, असं ते म्हणाले. फक्त पेवाचं प्रकरण काढून टाकायचं. "एवढा धिप्पाड चाचा, आणि खड्ड्यात उतरला म्हणून मेला? ना तलवार, ना गोळी? नुसत्या हवेनं? अशक्य. हास्यास्पद आहे हे."

समुद्राच्या बाबतीत मास्तरांनी सगळं खाली मान घालून कबूल केलं होतं. वांगी काढली, धार काढली, काठ काढला. पण आता त्यांनी मान वर केली. "हे राहील, साहेब."

"मग पुस्तक छापलं जाणार नाही."

"नका छापू. पण हे खरं आहे."

"पुरावा काय?"

मास्तर म्हणाले, "चला हरिपूरला."

एका रविवारी आम्ही तिघं हरिपूरला गेलो. यल्लाप्पा नावाचा म्हातारा हमाल त्या दिवशी एक जुनं पेव उघडणार होता. तोंडावरची माती काढली, झाकण सरकवलं. यल्लाप्पानं कंदील पेटवून दोरीनं खाली सोडला. पुरुषभर गेला नसेल, विझला.

"वाऱ्यानं विझला," साहेब म्हणाले.

पेवात वारा कुठला! पण पुन्हा पेटवला. पुन्हा विझला. साहेब म्हणाले, दोरीला हिसका बसला. तिसऱ्यांदा विझला, तेव्हा म्हणाले, घासलेट संपलं असेल. रेशनचं घासलेट हलवून दाखवलं, तरी पटेना. "कंदील विझतो म्हणजे माणूस मरतो, ह्याला पुरावा काय? माणूस म्हणजे काय वात आहे?" असं म्हणून त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, वहाणा काढल्या, आणि हे खरंच पेवाच्या तोंडाशी बसून एक पाय आत सोडून मोकळे झाले.

मग जे झालं ते सरकारी नोकरीत कुणी केलं नसेल. मास्तरांनी साहेबांना मागून कोटाच्या कॉलरला धरलं आणि असं ओढलं, की दोघेही पाठीवर पडले. "खाली बसा!" मास्तर ओरडले. "सांगितलं ना खाली बसा! हाताची घडी!" आणि जिल्ह्यातले मास्तर ज्यांना चळाचळा कापत, ते दिपोटी साहेब मातीत मांडी घालून, हाताची घडी करून बसले. मला हसू फुटणार होतं, पण मास्तरांकडं बघितलं आणि ते जिरलं.  ते उठले आणि पलीकडं चिंचेखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले.

यल्लाप्पा कंदिलाची काच पुसत म्हणाला, "त्यास्नी काय इचारू नगा सायेब. ह्येंचा थोरला भाऊ असाच गेला. ह्ये शेजारचं प्याव. घाई हुती, म्हनला, कंदील कशाला, मी जातो की. ह्ये धाकलं वरनं हाका मारत ऱ्हायलं. दिसभर."

 इतके दिवस ज्याच्या तोंडून मी 'आधी कंदील सोडा' ऐकत हसत आलो होतो, त्या माणसाच्या पाठीकडं बघून मला माझीच लाज वाटली.

मास्तर परत आले, तेव्हा साहेबांनी हाताची घडी सोडली नव्हती. पेवाच्या काळ्या तोंडाकडं बघत ते म्हणाले, "म्हणजे मी असा मरतो तर."

मास्तर दचकले. "साहेब, तुम्हाला... कळलं होतं?"

"पहिल्याच पानावर. तपकीर, छत्री, पुरावा. मी काय मूर्ख आहे? आमच्या घरातसुद्धा कळलं. बायकोनं तर दोनदा वाचून काढलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "नाक मात्र जास्त काढलंय तुम्ही."

मास्तरांनी बरोबर आणलेलं बाड त्यांनी मागून घेतलं, शेवटचं प्रकरण उघडलं, समासातलं 'अशक्य' खोडलं आणि खाली लिहिलं, 'पुरावा पाहिला.' प्रकरण जसंच्या तसं छापायचं, असं ठरलं. मास्तरांचं अकरा वर्षांचं घोडं गंगेत न्हालं, असं मी समजलो.

पण मास्तर कागदाला हात लावीनात. आठ दिवसांनी म्हणाले, "ड्रॉइंग मास्तर, आता ह्याला मारवत न्हाई हो. मी त्याला कॉलरीला धरून वर काढलाय. आता परत कसा आत सोडू?" आणि त्यांनी शेवट बदलला. जंजाळ नाईक पेवात पाय सोडतो, वरून नायक त्याला कॉलरीला धरून ओढतो, आणि चाचा काठावर बसून राहतो.

पुढच्या शनिवारी त्यांनी हा शेवट चौथीला वाचून दाखवला. बिरू भडकला. "न्हाई गुरुजी! त्यो मेलाच पायजे. लय वंगाळ हाय त्यो!" मास्तरांनी विचारलं, कुणाकुणाला तो मेलेला हवा? सगळ्या वर्गानं हात वर केले. मास्तर हसले. मला म्हणाले, "हात वर केल्यात सगळ्यांनी. पण वाचताना कुणी खाजवलं का?" कुणीच खाजवलं नव्हतं, मीही बघत होतो. शेवट तोच राहिला.

साहेबांना हे कळलं, तेव्हा ते खवळले. कथेच्या दृष्टीनं आपलं मरण आवश्यक आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यावर दोघांत महिनाभर पोस्टकार्डं चालली. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं, की तांबवेकरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याबरोबर कोकणात यावं, समुद्र डोळ्यांनी पाहावा, आणि उरलेला वाद तिथं मिटवावा.

पुढं 'हळद्या बेट' निघालं. त्यातलं माझं गलबत कृष्णेच्या घाटावरच्या नावेसारखं दिसतं, ते काही साहेबांना दुरुस्त करता आलं नाही. मास्तरांची सुट्टीनंतर परस्पर खंडाळ्याकडं बदली झाली, आणि पत्रं येत राहिली तरी भेट झाली नाही. म्हणून मला मास्तर दिसतात ते त्या सकाळचे, कऱ्हाडच्या मोटारस्टँडवर त्यांना पोचवायला गेलो होतो तेव्हाचे.

पाटणवरून चिपळूणला जाणारी मोटार. पेट्रोल नव्हतं, म्हणून मागं कोळशाची टाकी लावलेली. आत खिडकीशी मास्तर, मांडीवर कंदील, काच घासूनपुसून लख्ख केलेली. शेजारी साहेब, दोन गुडघ्यांत छत्री. कंडक्टर म्हणाला, "आवं मास्तर, दिसाढवळ्या कंदील कशाला?"

"समुद्र पहिल्यांदाच बघायला चाललोय," मास्तर म्हणाले.

साहेब त्यांच्या अंगावरून वाकून मला ओरडून सांगू लागले, "अहो ड्रॉइंग मास्तर, तुम्ही तरी समजवा ह्यांना! मला मारायलाच हवं! मी स्वतः परवानगी देतोय ना!"  पुढच्या बाकावरच्या एका बाईनं आपली बोचकी उचलली आणि दूर जाऊन बसली.

मोटारीनं धूर सोडला, धडधडली, हलली. मास्तर खिडकीतून बाहेर वाकले. मला वाटलं, निरोप घेतील. म्हणाले, "शेवटचं चित्र काढून ठेवा. कंदील विझलेला दाखवा, काळा पडलेला. आन माणूस काठावर बसलेला काढा. वर. आत नको."

"नाक?" मी मोटारीबरोबर पळत विचारलं.

ते काय म्हणाले ते मोटारीच्या धडधडीत ऐकू आलं नाही. साहेबांनी मात्र ऐकलं असावं, कारण मोटार पाटणच्या रस्त्याला वळेपर्यंत त्यांची छत्री खिडकीतून बाहेर येऊन माझ्या दिशेनं हलत होती.